मंद झालेलं घड्याळ

टिकलीचा आपल्या बाबांवर सगळ्या बाबतीत विश्वास होता, वेळ सोडून. शाळेचं फाटक पावणेआठला बंद व्हायचं आणि बाबा साडेसातला "आहे गं वेळ" म्हणत मोजे शोधायला लागायचे. एकदा दोघं बंद फाटकाबाहेर उभी राहिली होती. तेव्हापासून गाडीत बसलं की टिकली फक्त डॅशबोर्डवरच्या हिरव्या आकड्यांकडे बघायची. आकडे तिला नुकतेच वाचता यायला लागले होते.

गाडी आजोबांची, म्हणजे आईच्या वडिलांची. सतरा वर्षं वापरून त्यांनी ती जावयाला दिली होती, भरपूर सूचनांसकट. आणि गेल्या पंधरवड्यात तिचं घड्याळ इतकं मंद झालं होतं, की दिवसा आकडे दिसतच नसत. टिकली मागच्या सीटवरून मान लांब करकरून बघायची आणि शाळा येईपर्यंत रडायची.

"तिला तुझ्या मोबाइलवर दाखव की वेळ," आई म्हणाली.

"दाखवली. म्हणते, तो तुझा मोबाइल आहे."



रविवारी सकाळी बाबा स्क्रू ड्रायव्हर घेऊन गाडीत शिरले. "आतला बल्ब गेलाय. पाच मिनिटांचं काम." घड्याळाभोवतीची पट्टी निघेना, म्हणून त्यांनी घरातून चमचा आणला. कट्ट असा आवाज झाला.

"काय मोडलं?" आईने खिडकीतून विचारलं.

"काही नाही. निघालं."

घड्याळ निघालं, पण मागच्या वायरी आखूड होत्या. म्हणून रेडिओ काढावा लागला. रेडिओसाठी खालचा कप्पा काढला. दुपारपर्यंत गाडीचा अर्धा पुढचा भाग मागच्या सीटवर, टिकलीच्या जागेवर जाऊन बसला होता. शेवटी वाटाण्याएवढा बल्ब हाती लागला. तो चिमट्याने ओढताना त्याच्याबरोबर घड्याळाची काचही तडकली आणि आकडे कायमचे गेले.

बाबा घड्याळ रुमालात गुंडाळून गाडीच्या इलेक्ट्रिशियनकडे गेले. त्याने रुमाल उघडला आणि घड्याळ उलटंपालटं करून पाहिलं.

"दिवसा दिवे लावून गाडी चालवता का?"

"हो. सासऱ्यांची नवी सूचना आहे. जुनी गाडी, राखाडी रंग, लोकांना लांबून दिसली पाहिजे म्हणाले."

"कधीपासून?"

"झाले पंधरा दिवस," बाबा म्हणाले, आणि आपलंच वाक्य ऐकून थांबले.

"दिवे लागले की हे घड्याळ आपोआप मंद होतं. अंधारात डोळ्यांवर येऊ नये म्हणून. बिघाड नव्हता हो यात."

"आणि आता?"

"आता आहे."

दुसरं घड्याळ यायला आठ दिवस लागणार होते. बाकीचं सगळं बाबांनी रात्रीपर्यंत पुन्हा जागेवर बसवलं.

"म्हणजे माझ्या बाबांचं ऐकलं म्हणून मोडलं?" आईने विचारलं.

"मी असं म्हटलं का?"

"चेहरा म्हणतोय."

सोमवारी टिकलीने घड्याळाच्या जागी पडलेलं चौकोनी भोक पाहिलं. आत दोन वायरी लोंबत होत्या. ती रडली नाही; रडण्याच्या पलीकडचं काहीतरी झालं होतं.

"बाबा, वेळ आहे?"

बाबांनी भोकाकडे पाहिलं. "खरं सांगू? मला माहीत नाही. धास्तीने अंधारातच उठलो. घड्याळाकडे बघायची हिंमत झाली नाही. मोजे घातले आणि तुला उचललं."

टिकलीने पहिल्यांदाच त्यांच्याकडे नीट बघितलं. 

शाळा आली. फाटक बंद होतं.

टिकलीचा खालचा ओठ बाहेर आला. बाबांनी गाडी थांबवली, पण ते उतरले नाहीत. तेवढ्यात कोपऱ्यावरून शाळेचे रखवालदार सायकल हातात धरून चालत आले. त्यांनी खिशातून किल्ल्या काढल्या, कुलूप उघडलं आणि गाडीत डोकावून पाहिलं.

"आज एवढ्या लवकर? अजून झाडूसुद्धा मारला नाही."

टिकलीने डोळे पुसले आणि दप्तर खांद्याला लावलं.

"आमच्याकडे घड्याळ नाहीये ना," तिने समजावून सांगितलं.