आठशे चव्वेचाळीस किलोमीटर

"जुनी गाडी घ्यायला अक्कल लागते! आणि ती या घरात कोणाकडे आहे, हे मी वेगळं सांगायला नको!" शनिवारी सकाळी चहाचा कप खाली ठेवत सर म्हणाले, तेव्हा त्यांच्या बायकोने समोरच्या भिंतीकडे पाहिलं. भिंत काही बोलली नाही, म्हणून तीही काही बोलली नाही.

सर म्हणजे गणिताचे निवृत्त शिक्षक. बत्तीस वर्षं पोरं त्यांना पाठीमागे 'भिंग' म्हणायची, आणि ते काही उगाच नव्हे. कॉपी पकडण्यात त्यांचा हात कोणी धरू शकत नसे. एकदा दोन मुलांची उत्तरं शब्दाशब्दाला सारखी निघाली म्हणून सरांनी दोघांना ओढत मुख्याध्यापकांकडे नेलं. दोघांचीही उत्तरं बरोबर होती, ही गोष्ट वेगळी! गणिताचं बरोबर उत्तर सगळ्यांचं सारखंच येणार, हे शेवटी मुख्याध्यापकांनी सरांना समजावून सांगितलं. पुढे निवृत्ती आली. शाळा सुटली, पोरं सुटली, संशय तेवढा सुटला नाही.

गाडी काही चैनीसाठी नको होती. बायकोच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. आता तीन महिने, आठवड्यातून तीनदा व्यायामासाठी दवाखान्यात जायचं होतं आणि बसची पायरी तिला चढवत नव्हती. तिने सरळच सांगून टाकलं होतं, "या आठवड्यात गाडी आली तर ठीक. नाहीतर मी धाकट्या लेकीकडे जाऊन राहते. तिच्या दारासमोरच दवाखाना आहे. तीन महिने तुम्ही राहा सुखाने!"

लग्नाला छत्तीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत ती सलग चार दिवसांहून जास्त कधी घराबाहेर राहिली नव्हती. त्या चार दिवसांत सर स्वयंपाकघरातल्या डब्यांशी मोठमोठ्याने बोलत होते. ती नसली की त्यांना अजिबात करमत नसे. हे त्यांनी तिला कधी सांगितलं मात्र नव्हतं. सांगितलं असतं तर पुढची कथा घडलीच नसती!

तर सर गाडी बघायला गेले. गाडी सोळा वर्षांची, मालकीण एका वाचनालयाच्या निवृत्त ग्रंथपाल. गाडी दारात उभी होती, धुतलेली, पुसलेली. सरांनी तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

"बाई, आधी तपासणीचे कागद! दरवर्षी तपासणी केंद्रात गाडी दाखवली होती ना? गाडी काय, रंग लावून कोणीही उभी करतं. मी कागदांवर जातो!"

"जा की," म्हणत बाईंनी फाइल पुढे केली. फाइलला खाकी कव्हर, कव्हरवर चिठ्ठी, आत अनुक्रमणिका! सोळा वर्षांचे सोळा दाखले, तारखेनुसार लावलेले.

सरांनी चष्मा पुसला. पहिल्या वर्षी शेरा: दोष नाही. दुसऱ्या वर्षी: दोष नाही. सोळाव्या वर्षीही दोष नाही! सरांच्या भुवया वर चढल्या. मग त्यांनी किलोमीटरचे आकडे वहीत उतरवले, एकातून एक वजा केले, आणि त्यांच्या अंगावर काटा आला. गाडी दरवर्षी आठशे चव्वेचाळीस किलोमीटर चालली होती. एक कमी नाही, एक जास्त नाही! फक्त अकराव्या वर्षी तेवढे आठशे साठ.

'कॉपी!' सर मनात ओरडले. 'सरळसरळ कॉपी! केंद्रातल्या माणसाने गाडी न बघताच आकडे ठोकलेत. आणि संशय येऊ नये म्हणून मध्ये एक आकडा मुद्दाम चुकवलाय. अरे, असले छप्पन्न पाहिलेत मी!'

आता शहाण्या माणसाने काय केलं असतं? समोर बाई बसल्या होत्या. त्यांना विचारलं असतं! पण कॉपी करणाऱ्याला कॉपीबद्दल विचारायचं नसतं, हे सरांचं बत्तीस वर्षांचं तत्त्व. ते "कळवतो" म्हणून उठले आणि सोमवारी सकाळी थेट तपासणी केंद्रात हजर झाले.

केंद्रातला तपासनीस कानाला पेन्सिल लावून एका ट्रकच्या पोटाखाली शिरला होता. तो बाहेर आला, हात पुसले, आणि सरांचं सगळं म्हणणं त्याने ऐकून घेतलं.

"म्हणजे गाडी चांगली आहे, अशी तुमची तक्रार आहे?"

"संशयास्पद चांगली आहे!"

"काका, बावीस वर्षं झाली मला इथे. अशी तक्रार आजवर आली नव्हती."

"मग आता घ्या! लेखी देतो!"

सरांनी लेखी दिली. 'तक्रारीचे स्वरूप' या रकान्यात त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं: गाडीत दोष नसणे. तपासनिसाने शिक्का मारला आणि म्हणाला, "झालं. आता चौकशी संपेपर्यंत ही गाडी विकता येणार नाही. तीन आठवडे."

"अहो, असं कसं? मलाच घ्यायची आहे ती!"

"तुम्हाला? मग तक्रार कशाला केलीत?"

"खात्री करायला! द्या इकडे, मागे घेतो मी तक्रार!"

"मागे घ्यायचा अर्ज वेगळा. त्याला महिना लागतो."

सर घरी आले ते तोंड पाडूनच. बायकोने सगळं ऐकलं आणि कपाटावरची बॅग काढायला शेजारणीला हाक मारली. तीन साड्या बॅगेत गेल्या तोच दारावर थाप पडली.

"ते गणितवाले सर इथेच राहतात ना?" ग्रंथपालबाई दारात उभ्या होत्या. हातात केंद्राची नोटीस, आवाज वाचनालयात कधीच चालला नसता असा!

सर न्हाणीघरात शिरले आणि त्यांनी नळ सोडला. आता बाहेर जुंपणार, या तयारीने ते बादलीवर बसून राहिले. बादली भरली, वाहिली, तरी आरडाओरडा काही होईना. उलट हसणं ऐकू आलं! दोघींचं! सरांना घाम फुटला. भांडण एक वेळ परवडलं असतं.

ते बाहेर आले तर बॅगेतल्या साड्या कपाटात गेल्या होत्या आणि दोघी जिना उतरत होत्या.

"कुठे निघालीस?"

"दवाखान्यात. बाई नेताहेत," बायको म्हणाली. "विकायला बंदी आहे, चालवायला नाही!"

त्यानंतर दर सोमवारी, बुधवारी, शुक्रवारी गाडी दारात येऊ लागली. पहिल्या आठवड्यात बायको जेवायच्या वेळेला परत यायची. दुसऱ्या आठवड्यात चार वाजायला लागले. तिसऱ्या आठवड्यात संध्याकाळ! व्यायाम झाला की दोघी कधी चहाला, कधी प्रदर्शनाला, कधी नुसत्या तळ्याकाठी. सर घरी गार भात खात डब्यांशी बोलत होते.

चौकशीच्या दिवशी तपासनिसाच्या टेबलापुढे तीन खुर्च्या होत्या. बायको बाईंच्या शेजारी बसली. सर समोर एकटे.

"बाई, दरवर्षी आठशे चव्वेचाळीसच कसे?" तपासनिसाने विचारलं.

"दर मंगळवारी मी ताईकडे जायची. जाऊन येऊन सोळा किलोमीटर. बावन्न मंगळवार. आणि वर्षातून एकदा तुमच्याकडे, बारा. दुसरीकडे कुठे जायचंच नव्हतं मला."

"आणि अकराव्या वर्षीचे आठशे साठ?" सर खुर्चीतून पुढे झुकले.

"ताईचा दात दुखत होता. एका शनिवारीही गेले." बाईंनी हातातल्या नोटिशीची घडी घातली. "ताई गेली गेल्या महिन्यात. आता गाडी कशाला, म्हणून विकायला काढली होती."

सरांना मनापासून लाज वाटली. पन्नास जणांच्या वर्गात चूक कबूल करावी तसे ते उभे राहिले.

"बाई, माझं चुकलं. गाडी मी घेतो. आत्ता, तुम्ही म्हणाल त्या किमतीला!"

"आता नाही विकायची," बाई म्हणाल्या. "आता मला आठवड्यातून तीनदा जायचं असतं."

"आणि मंगळवारीसुद्धा!" बायको म्हणाली.

तपासनिसाने सतराव्या दाखल्यावर 'दोष नाही' लिहून शिक्का मारला. तिघं बाहेर आले. दोघी पुढे बसल्या. सर फुटपाथवर उभे राहिले, बराच वेळ घसा खाकरला, आणि आयुष्यात पहिल्यांदाच म्हणाले, "अगं, तू नसलीस की मला करमत नाही. मीपण येऊ का?"

बायको त्यांच्याकडे बघतच राहिली. तिचे डोळे भरून आले. तिने बाईंकडे पाहिलं.

"बसा मागे," बाई म्हणाल्या. "पण शंका काढायची नाही."

"छे! शंका कसली?"

सर मागे बसले. गाडी निघाली. वारा छान लागत होता. पहिला चौक गेला, दुसरा गेला. सरांनी ओठ घट्ट मिटून धरले होते. तिसऱ्या चौकात मात्र त्यांना राहवलंच नाही.

"बाई, रागावू नका, पण ब्रेक जरा सैल वाटतो—"

गाडी जागच्या जागी थांबली! इतक्या झटक्यात, की सरांचं कपाळ पुढच्या सीटवर आपटलं आणि चष्मा बायकोच्या मांडीत जाऊन पडला.

"उतरा!" बाई म्हणाल्या.

सर उतरले. बायकोने खिडकीतून चष्मा तेवढा हातात दिला. गाडी निघून गेली, आणि कपाळ चोळत बसची वाट बघताना सरांनी प्रामाणिकपणे मान्य केलं, की ब्रेक उत्तम आहे.