मानसिंगरावांची काच वर जाईना

लोकप्रतिनिधी आणि लोक यांच्यात फारसे अंतर असू नये, हे लोकशाहीचे मूलतत्त्व आहे. पलूस तालुक्यात हे अंतर गाडीच्या एका काळ्या काचेएवढेच ठेवण्यात आले होते.

पंचायत समितीचे सदस्य मानसिंगराव हे तत्त्व कसोशीने पाळत. गाव आले की मागच्या सीटवरून बटण दाबायचे, काच टीचभर खाली घ्यायची, "काय, बरं हाय न्हवं?" म्हणायचे आणि उत्तर यायच्या आत काच वर. (काचेवरच्या काळ्या फिल्मला कायद्याने मनाई आहे. साध्या माणसाच्या गाडीला ती नसते, ती त्यामुळेच.) एवढ्या जनसंपर्कावर त्यांची पाच वर्षे सुखात गेली आणि जिल्हा परिषदेचे तिकीट जवळजवळ खिशात आले.

नेमक्या त्याच आठवड्यात एका लग्नमांडवासमोर सदर काच पूर्ण खाली गेली ती वर येईना. मानसिंगरावांनी बटण दाबले, ड्रायव्हर तानाजीने पुढून दाबले. आतून नुसती घरघर.

त्या दिवसापासून मानसिंगरावांवर ऐकून घेण्याची वेळ आली. उघड्या खिडकीतून धूळ आली, अर्ज आले, प्रसादाचा नारळ आला, आणि अंबूबाई नावाच्या म्हातारीचे अख्खे डोकेच आत आले. "आवं, पाण्याची टाकी गळतीया कवापासनं. बघा की जरा!" काच वर येईल या धाकाने माणूस एरवी थोडक्यात आवरतो, अंबूबाईला तो धाक उरला नव्हता. शेवटी सुटका व्हावी म्हणून मानसिंगरावांनी तिच्यादेखत इंजिनिअरला फोन लावला. दुसऱ्या दिवशी टाकी दुरुस्त झाली. (हा प्रकार अनवधानाने घडला, असा खुलासा त्यांनी नंतर पक्षाकडे केला.)

आता त्यांचे कौतुक व्हायला हवे होते. पण तालुका सुजाण आहे.

"काच उघडी टाकून हिंडतोय, म्हंजी तिकीट कापलं गड्या," विटा रस्त्यावरच्या हॉटेलात निष्कर्ष निघाला. "वजन असतं तर म्हातारीला जवळ येऊ दिलं असतं व्हय?" खुद्द अंबूबाईचेही मत पडले, "मानूस लय चांगला हाय, पर आता त्याचं काय चालत न्हाई." मग टाकी कशी दुरुस्त झाली, हे कोणी विचारले नाही. लोक खिडकीत कोपर टेकवून त्यांना 'मानसिंगा' म्हणू लागले. पक्षाच्या निरीक्षकाने त्यांचा फोन उचलणे बंद केले, तेव्हा मात्र त्यांनी गाडी थेट सांगलीला बिराप्पा मेस्त्रीकडे नेली.

"काचेची मोटार जळलीया," बिराप्पा म्हणाला. "नवी यायला येळ लागंल. तवर काच वर वढून आतनं पाचर मारतो. पर साहेब, मग ती खाली यायची न्हाई."

"खाली कशाला आणायची?" मानसिंगरावांनी विचारले.

गाडी बंद काचेने तालुक्यात परतली आणि चार दिवसांत हवा फिरली. तिकीट मिळाले, गुलाल पडला. नवी मोटारही आली. ती बिराप्पाच्या दुकानात पडून आहे. हल्ली मानसिंगराव टीचभरही दिसत नाहीत, आणि लोक अभिमानाने सांगतात, साहेबांना अजिबात वेळ नसतो.

असल्या माणसाला मते देणारे हे लोक कोण, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल. गेल्या दिवाळीत ती गाडी तुमच्याही दारासमोर थांबली होती. तुम्ही हातातला चहा ठेवून धावत बाहेर आलात, काचेपुढे हात जोडलेत, रस्त्याच्या खड्ड्यांचा विषय काढायचा तो गिळलात आणि घरात जाऊन सांगितलेत, "साहेब स्वतः येऊन गेले." साहेब त्या दिवशी महाबळेश्वरला होते. गाडीत एकटा तानाजी होता. बायकोचा फोन आला म्हणून त्याने गाडी बाजूला घेतली होती.