निरोप-दुरुस्तीचं पत्रक

मंदाकिनीबाई तगारे घरातून निघताना 'येते' न म्हणता 'जाते' म्हणाल्या होत्या, म्हणून बाराशे माणसांच्या जहाजाचा धक्क्याला बांधलेला दोर काही केल्या सुटत नव्हता.

दोराची गाठ साधीच होती. खलाशांनी ती सोडली की ती पुन्हा बसायची. एकदा त्यांनी दोर कापूनही पाहिला, तर ते चहा पिऊन येईपर्यंत तो जुळून आला होता. तेव्हा कप्तानाने दोराचा नाद सोडला आणि प्रवाशांची यादी मागवली.

दुपारी दीडच्या सुमारास मयेकर नावाचे अधिकारी यादीतल्या एकेकाला विचारत आठव्या मजल्यावरच्या केबिनीत आले, तेव्हा मंदाकिनीबाई शेंगदाण्याच्या चटणीची बरणी उशाशी लावत होत्या. वय चौसष्ट. सांगलीच्या टेलिफोन ऑफिसात एकतीस वर्षं लोकांचे फोन जोडून निवृत्त झालेल्या. एकशे चार दिवसांचा समुद्रप्रवास, एकटीने, आणि तोही कुणालाही न विचारता ठरवलेला, म्हणून स्वारी सकाळपासून भलतीच खुशीत होती.

"मॅडम, घरून निघताना काय म्हणालात?" मयेकरांनी विचारलं.

"काही नाही. कुलूप लावलं."

"कुलूप लावताना?"

"म्हणाले, जाते एकदाची."

मयेकरांनी ते शब्द पत्रकावर जसेच्या तसे लिहिले. "तिकीट तुमचं परतीचं आहे. जाते म्हणालेलं माणूस परतीच्या तिकिटावर कसं न्यायचं? जहाज तयार होत नाही."

"पण घरात ऐकायला होतं कोण?"

"त्याची नोंद आमच्याकडे नाही. अडीचपर्यंत निरोप दुरुस्त करून घ्या. नाही झाला, तर सामानासकट उतरावं लागेल."

सहा महिने नकाशावर बोट फिरवून त्यांनी वाटेतली सगळी बंदरं पाठ केली होती. शेवटचं बंदर कुठलं, असं झोपेत विचारलं असतं तरी सांगितलं असतं. आणि आता पहिल्याच धक्क्यावरून घरी परत जायचं, म्हणजे कुणाला तोंड दाखवायचीही सोय नव्हती.

शेजारच्या केबिनीतले निवृत्त मुख्याध्यापक बर्वे हे सगळं दारातून ऐकत होते. "मी म्हणतो यांना 'या' म्हणून. झालं काम," ते म्हणाले.

"तुम्ही स्वतःच निघालेले आहात," मयेकर म्हणाले. "तुमचं 'या' चालत नाही."

बर्व्यांना ते पटलं आणि ते जेवायला गेले.

"शेजाऱ्यांना सांगितलं नाही मी," बाई म्हणाल्या. "सांगितलं असतं तर येताना काय काय आणायचं त्याची यादी हातात दिली असती त्यांनी."

"शेजारी असूनही उपयोग नव्हता. निरोप ज्या उंबरठ्यावर बिघडला, तिथूनच 'ये' यावं लागतं. घरी फोन आहे?"

फोन होता. गल्लीतल्या सगळ्यांनी आपापले फोन कधीच काढून टाकले होते, पण बाईंनी त्या खात्याचं मीठ खाल्लं होतं.

"अहो, पण घरात कोणी नाही."

"लावा तर खरं. लावून पाहिल्याशिवाय मला रकाना रिकामा सोडता येत नाही."

बाईंनी केबिनीतल्या फोनवरून नंबर फिरवला. घंटा वाजू लागली. दहा घंटांनंतर जोडणी तोडायची हा त्यांच्या ऑफिसचा नियम, आणि तो त्यांनी जन्मात पहिल्यांदा मोडला. सतराव्या घंटेला पलीकडून फोन उचलला गेला. हॅलो कोणीच म्हटलं नाही. बाईंना एकाएकी फार एकटं वाटलं, आणि पाठोपाठ लाज वाटली. तीस वर्षं राहिले त्या घरात, आणि पहाटे निघताना मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

"येते हं," त्या म्हणाल्या. "उत्साहाच्या भरात चुकून जाते म्हणाले. मनावर घेऊ नकोस."

खरखरीतून, बोलायची फारशी सवय नसलेला एक आवाज म्हणाला, "ये सावकाश. गॅस बंद आहे. मागच्या खिडकीची कडी राहिली होती, ती लावली."

बाईंनी पदराने डोळे पुसले आणि फोन खाली ठेवला. मयेकरांनी घड्याळ पाहून पत्रकावर वेळ घातली, दोन वाजून अठरा मिनिटं.

"निरोप देणाऱ्याशी नातं काय लिहू, मावशी?"

"घरचंच माणूस," मंदाकिनीबाई म्हणाल्या.

मयेकरांनी तसं लिहिलं, खाली सही घेतली, आणि धक्का हळूहळू मागे सरकू लागला.