मेघवज्राच्या भावाला निरोप

मी कोणाविषयी काही लिहावं एवढा माझा अधिकार नाही, हे आधीच कबूल करतो. आमच्या घरात छापलेला कागद पहिल्यांदा आला तो माझ्या शाळेच्या दप्तरातून. धडगावच्या वर डोंगरात आमचं गाव. घरी पावरी बोलतो, मराठी शाळेत शिकलो, आणि कॉलेजसाठी शहाद्याला आल्यावर कळलं की इथे गल्लीत अहिराणी चालते. त्यामुळे माझं वाक्य कुठे अडखळलं तर वाचणाऱ्यांनी रागावू नये. रागावणं हे ज्यांचं काम आहे, त्यांच्याविषयीच मला सांगायचं आहे.

ते म्हणजे माझे घरमालक, जिभाऊ. महिन्यातून एकदा ते ओट्यावर उभे राहून, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात, एका सुपरहिरोला झापतात.

हिरोचं नाव मेघवज्र. हिंदी कॉमिक्समधला, ढगातून वीज काढून फेकणारा. जिभाऊ लहानपणापासून त्याचे अंक वाचत आले. मध्ये बरीच वर्षं ते बंद होते. आता पुन्हा निघू लागलेत, चकचकीत कागदावर, नव्या लेखकाचे आणि नव्या चित्रकाराचे. ते ऑनलाइन मागवावे लागतात, आणि जिभाऊंचा फोन बटणांचा. म्हणून ते काम माझ्याकडे आलं. पाकीट आलं की जिभाऊ हात धुतात, धोतराला पुसतात, अंक बाहेर काढतात आणि आधी तळहातावर तोलतात. त्यांची सगळी नोकरी पुरुषोत्तमनगरच्या साखर कारखान्यात वजनकाट्यावर गेली. त्यामुळे त्यांच्या लेखी जगात दोनच प्रकारच्या गोष्टी आहेत, वजन असलेल्या आणि वजन नसलेल्या.

"वजन नही," ते तोलून म्हणतात. मग वाचायला बसतात. आणि थोड्याच वेळात हाक येते, "ए कॉलेज! आठे ये! हाई देख काय करी टाकं त्यास्नी!"

कॉलेज म्हणजे मी. मी या घरात राहायला आलो तेव्हा समोरच्या मावशींना वाटलं की जिभाऊ मलाच एवढं बोलतात. त्यांनी मला कळण्याची भाकरी आणि ठेचा आणून दिला आणि हळूच म्हणाल्या, "पोऱ्या, दुसरी खोली दखी दिऊ का?" बोलणी मला नाहीत, मेघवज्राला आहेत, हे मी त्यांना सांगितलं. पण भाकरी खाल्ल्यावर.

नव्या चित्रकाराने पहिल्याच अंकात मेघवज्राची मिशी काढून टाकली होती. जिभाऊंनी पान माझ्या नाकाजवळ आणलं. "मिशी काब्र काढी? तेन्हा बाप मरी गया का? घरात कोन्ही गयं नही नि हाऊ मिशी काढीसन उडी ऱ्हायना! हाऊ मेघवज्र शे का बँडवाला?"

दुसऱ्या अंकात मेघवज्र उदास होऊन पानंच्या पानं खिडकीत बसला होता. जिभाऊंचं म्हणणं, उदास व्हायला हरकत नाही, माणूस आहे. पण बाहेर राक्षस पूल उपटतो आहे, आधी तो पूल धर, मग संध्याकाळी बस काय बसायचं ते. "कारखानामा बॉयलर फुटाले ऊना तं आम्ही खिडकीत बसूत का?"

त्यानंतरच्या अंकात निरनिराळ्या विश्वांतले पाच मेघवज्र एकदम आले. मला ते आवडलं होतं, पण मी तसं बोललो नाही. जिभाऊ अंक मिटून म्हणाले, "पाची एकसारखा. मंग रेशनकार्डवर नाव कोन्हं?"  

पण जिभाऊ हे सगळं मला ऐकवण्यासाठी बोलत नसत. माझ्यावर नुसती तालीम व्हायची. खरा सामना फोनवर असे. अंक आल्यावर एक-दोन दिवसांत नवापूरहून त्यांच्या धाकट्या भावाचा, बन्सीकाकांचा फोन येई. तेही तोच अंक मागवत. 'कसा आहेस' नाही, 'पाऊसपाणी काय म्हणतं' नाही. फोन उचलला की थेट भांडण. बन्सीकाका नव्या लेखकाच्या बाजूचे. त्यांचा आवाज फोनमधून ओट्याखाली उभ्या माझ्यापर्यंत यायचा. "अरे दादा, जमाना बदलना! मिशी काय धरी बठनास?" त्यावर जिभाऊ: "तुन्ही अक्कल कोंबड्यास्नी खाई टाकी!" बन्सीकाकांचा पोल्ट्री फार्म आहे.

भांडण संपलं की दोघंही एकदम फोन ठेवत. जिभाऊ मग खुशीत दोन चहा पीत.

ते दुसरं काहीच का बोलत नाहीत, हे मला काकूंनी सांगितलं. काकू म्हणजे जिभाऊंच्या पत्नी. फार वर्षांपूर्वी यांची आई वारली. उन्हाळा होता, फोन घरोघरी नव्हते. जिभाऊंनी सुरतेला केळी घेऊन निघालेल्या एका ट्रकवाल्याजवळ बन्सीकाकांसाठी निरोप दिला. नवापूर वाटेवरच लागतं. ट्रकवाला आधी दुसरीकडे माल उतरवायला गेला आणि निरोप दुसऱ्या दिवशी पोचला. इकडे लोक म्हणाले, उन्हाळा आहे, थांबू नका. बन्सीकाका आले तेव्हा आग देऊन झाली होती. आमच्याकडे आणि यांच्याकडे रीती वेगळ्या आहेत, पण आईचं तोंड न दिसणं दोन्हीकडे सारखंच. बन्सीकाका दुखवट्याला दारावर बसले नाहीत, सुतक फिटायच्या गंधमुक्तीला थांबले नाहीत. उभ्याउभ्याच परत गेले. पुढे बोलणं बंद. ते सुरू झालं ते मेघवज्राचे अंक पुन्हा निघाले तेव्हा, आणि तेवढ्यापुरतंच.

"भांडतस ते भांडू दे," काकू म्हणाल्या. "फोन तं येस."

मग तो अंक आला, ज्यात मेघवज्र मरतो.

त्या दिवशी हाक आली नाही. मीच बाहेर गेलो. जिभाऊ शेवटचं पान उघडं ठेवून बसले होते. पानभर चित्र होतं. मोडलेल्या पुलावर मेघवज्र पडलेला, भोवती लोक, कोपऱ्यात 'क्रमशः'. मी भीत भीत म्हणालो, "जिभाऊ, हे लोक पुढच्या अंकात जिवंत करतात. माझे मित्र म्हणाले."

"ते करोत ना." त्यांचा आवाज आधी खाली होता, मग चढत गेला. "पन हाई देख. पोलीस उना, पेपरवाला उना, टीव्हीवाला उना. तेन्हा भाऊ कोठे शे? तेले एक भाऊ शे ना चंद्रवर! तेले कोन्ही सांगं का? एक पान दिधं का तेन्हासाठे? माणूस मरी गया नि भाऊले निरोप नही! कोन्ही लिखं हाई? तेले घरदार शे का नही?"

समोरच्या मावशी दारात आल्या होत्या. 

जिभाऊंनी मुद्दे जमवले. एवढा मोठा दारूगोळा त्यांच्याजवळ कधीच नव्हता. आता फक्त बन्सीकाकांचा फोन यायचा होता. तो आला नाही. दोन दिवस गेले, आठवडा गेला. जिभाऊ फोन उशाशी घेऊन दुपारी आडवे होत, रेंज बघायला ओट्यावर येत, मला त्यांच्या फोनवर रिंग द्यायला लावत. रिंग वाजायची. फोन चांगला होता.

"तुम्हीच करा ना जिभाऊ," मी म्हणालो.

"मी काब्र करू? तो धाकला शे."

मग त्यांनी मला समोर बसवलं. "तू बन्सी व्हय. भांड."

मी फार प्रयत्न केला. पण मोठ्या माणसाला उलट बोलायची मला सवय नाही. मी म्हणालो, "जिभाऊ, तुमचं बरोबर आहे."

"बरोबर शे तं मजा काय!" ते ओरडले आणि आत गेले. चहा तसाच राहिला.

पुढचा अंक लांबला. जिभाऊ आता लेखकावर चिडेनात, चित्रकारावर चिडेनात. जेवण कमी झालं. काकूंनी शेवटी त्यांना न विचारता नवापूरला जाऊबाईंना फोन लावला. मी तेव्हा ओट्यावरच होतो. काकूंचं 'हां, हां' चाललं होतं, ते थांबलं. मग त्या फोन हातात धरून जिभाऊंसमोर येऊन उभ्या राहिल्या.

बन्सीकाकांचे डोळे गेले होते. साखरेने पडदा खराब झाला. आधी एक डोळा, मग दुसरा. आता उजेड आहे की अंधार, तेवढंच कळतं. कोणाला सांगायचं नाही, अशी त्यांनी घरात शपथ घातली होती. अंक आला तो त्यांनी हातात घेतला, पानं चाचपली आणि ठेवून दिला. जाऊबाई म्हणाल्या, भावाला फोन करा ना. तर म्हणाले, "वाचं नही तं भांडू काय?"

जिभाऊ उठून उभे राहिले. मला वाटलं आता गल्ली हादरणार. "मले सांगं नही," ते म्हणाले, "सख्खा भाऊले..."  मग त्यांनी आपला फोन माझ्यापुढे केला. बन्सीकाकांना स्वतःहून फोन लावायची त्यांच्यावर कधी वेळच आली नव्हती. नंबर मी लावला. ते हात धुऊन आले, अंक मांडीवर घेतला, पण उघडला नाही.

"बन्सी."

"कोन?"

"कोन काय! मी. बठेल शे का उभा शे?"

"बठेल शे. काय व्हयनं दादा?"

"पानी पी ले पहिले."

पलीकडे भांड्याचा आवाज झाला. जिभाऊ थांबले. घोट संपेपर्यंत थांबले.

"बन्सी, मेघवज्र गया रे," ते इतक्या हळू म्हणाले की मी त्यांचा तो आवाज प्रथमच ऐकला. "तुलेच पहिले सांगी ऱ्हायनू. आजून कोन्हले सांगं नही."

 मग बन्सीकाकांनी विचारलं, "आग दिधी का?"

जिभाऊंनी अंक उघडून शेवटचं पान काढलं, नीट पाहिलं.

"नही," ते म्हणाले. "तुन्हासाठे थांबेल शेतस."