कादरभाई आणि बाहेरची माणसं

पंक्चर काढण्याआधी कादरभाई खिळ्याची चौकशी करत. ट्यूबमधून तो उपसायचा, उन्हात धरायचा, उलटसुलट करून पाहायचा आणि निकाल द्यायचा, "हा आपल्या गावचा नाई. बाहेरच्याचं काम हाय."

कुरखेड्याच्या पुढं, जंगलाला टेकलेल्या आमच्या गावात त्यांचं सायकलचं दुकान होतं. मी शाळेत मास्तर आणि त्यांचा शेजारी. कोंबडीनं अंडी देणं थांबवलं, बाहेरच्याचं काम. बस आली नाही, बाहेरच्याचं काम. एकदा एका घरच्या सुनेला झटके येऊ लागले. पुजाऱ्यानं तांदूळ टाकले आणि डोळे मिटून म्हणाला, "बाहेरचं लागलं आहे." सगळे गारठले. मागून कादरभाईंनी विचारलं, "कोण्या गावचं?"

असा माणूस ग्रामपंचायतीला उभा राहिला आणि तीन मतांनी पडला. मग काय! समोरच्या उमेदवारानं ठेकेदाराच्या जीपमधून बाहेरची माणसं आणून मतं टाकली, असा त्यांनी थेट कोर्टात अर्ज केला. गाव हसलं. पण या खेपेला कादरभाईंचं खरं निघालं. कोर्टाच्या हुकुमानं मतदानाची पाकिटं उघडली, तेव्हा मत टाकलेल्यांच्या यादीत पाच नावं अशी सापडली, की ती माणसं त्या दिवशी गावात असणंच शक्य नव्हतं. दोघं मेलेली. दोघी लग्न होऊन लांब गेलेल्या.

पाचवं नाव सलीमचं. कादरभाईंचा एकुलता मुलगा.

सातवीत माझ्याच हाताखाली सलीम दोनदा नापास झाला आणि दुकानात बसला. वीस वर्षांचा असताना त्याच्या हातून एका सायकलचा नट ढिला राहिला, म्हणून बापानं गिऱ्हाइकासमोर थापड मारली. सलीम हात पुसून उठला, तेंदूची पानं तोडायला निघालेल्या टोळीमागून जंगलात शिरला. टोळी परत आली. तो आला नाही. त्याला आता सात वर्षं झाली होती.

वकिलानं त्या नावापुढची सही मला दाखवली. 'सलिम'. पहिली वेलांटी, आणि 'म'वर रेघ नाही. त्याच्या शाळेच्या वहीवर मी कितीदा तरी लाल शाईनं ती रेघ ओढली होती. गावातली निम्मी माणसं असंच लिहितात, असं मी स्वतःला बजावलं. वकिलाला काही बोललो नाही.

साक्षीच्या दिवशी वकिलानं सोपा प्रश्न विचारला, "मतदानाच्या दिवशी तुमचा मुलगा गावात नव्हता ना?"

कादरभाईंनी टोपी सारखी केली. मग म्हणाले, "असन."

"म्हणजे?"

"आला असन, साहेब."

वकिलानं कपाळाला हात लावला. "अहो, तुम्ही पाहिलं का त्याला?"

"मी नाई पायलं. पण त्या दिवशी आमच्या मोहल्ल्यातलं एकबी कुत्रं भुकलं नाई. बाहेरचा असता तं भुकलं असतं."

कोर्टात हशा पिकला. मी हसलो नाही. मी शेजारीच राहत होतो. त्या दिवशी खरंच एकही कुत्रं भुंकलं नव्हतं.

बाहेर आल्यावर वकील चिडला. "आपलीच केस बुडवता काय?"

"बाकीचे चार घ्या ना," कादरभाई म्हणाले. "त्याले काऊन खोटा पाडता?"

चार नावं पुरली. कोर्टानं निवडणूक रद्द केली आणि पुन्हा मतदान घ्यायला सांगितलं. कादरभाई केस जिंकले होते, पण दुसऱ्यांदा त्यांनी अर्जच भरला नाही.

मतदान माझ्या शाळेतच होतं. किल्ली माझ्याकडे, म्हणून मी दिवसभर तिथंच. कादरभाई सकाळीच इस्त्रीचा सदरा घालून आले, रांगेच्या शेवटी उभे राहिले आणि मागून येणाऱ्या प्रत्येकाला पुढं घालत राहिले. "तुमी व्हा समोर. मले घाई नाई." बोलताना नजर जंगलाच्या वाटेवर.

वेळ संपायला आली. पडवीत ते एकटेच उरले. रांगेतल्यांना वेळेनंतरही मत टाकता यावं, म्हणून नियमाप्रमाणे अधिकारी त्यांना चिठ्ठ्या द्यायला बाहेर आला. "एकच आहात ना, चाचा?"

"दोन द्या," कादरभाई म्हणाले. "एक येऊन राह्यला."

अधिकाऱ्यानं वाटेकडं पाहिलं. मीही पाहिलं. सागाच्या झाडांपर्यंत वाट रिकामी होती. वारा नव्हता, तरी कडेचं वाळलं गवत मधूनच हलत होतं. त्या पोरसवदा अधिकाऱ्यानं काय ओळखलं कोण जाणे, पण त्यानं निमूटपणे दोन चिठ्ठ्या दिल्या. कादरभाईंनी मत टाकलं. पेटी मोहोरबंद करायची लाख मेणबत्तीवर वितळून पुन्हा घट्ट झाली, तोवर अधिकारी थांबला. मग त्याचाही नाइलाज झाला.

गाडी पेटी घेऊन गेली. मी शाळेला कुलूप लावलं. कादरभाई दुसरी चिठ्ठी मुठीत धरून पायरीवर बसले होते. मी शेजारी टेकलो. थोड्या वेळानं म्हणालो, "चला, कादरभाई. अंधारून आलं."

त्यांनी वाटेवरची नजर हलवली नाही. हलक्या आवाजात, अगदी अजिजीनं म्हणाले,

"मास्तर, तुमी जा समोर. तुमाले पाहून तो लाजते."

मी उठलो आणि मागं वळून न पाहता घरी गेलो.