झोप लागली का?

युद्धाचा पहिला फायदा असा, की वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या फायली हलतात. (दुसरा फायदा अजून सापडलेला नाही, त्यासाठी समिती नेमली आहे.)

सरकारी मनोरुग्णालयाचे थोरले डॉक्टर हे मानायला तयार नव्हते. (धाकटे डॉक्टर आघाडीवर गेले होते, तरी यांचं थोरलेपण कायम होतं.) एकोणीस वर्षांपूर्वी त्यांनी वर एक प्रस्ताव पाठवला होता, की रुग्णांना सर्वसामान्य नागरिकांच्या बरोबरीची वागणूक मिळावी. त्यावर एकतीस स्मरणपत्रं गेली आणि ‘बाब विचाराधीन आहे’ अशी एकतीस उत्तरं आली. टपालखात्याचा हिशेब चोख होता.

युद्धाच्या चौथ्या महिन्यात मात्र तीन जणांची समिती मोजपट्टी घेऊन दारात उभी राहिली. डॉक्टरांना वाटलं, आता गाद्या येणार, गज निघणार. समितीने दोन दिवस रुग्णालय पाहिलं, एक दिवस शहर पाहिलं आणि अहवाल दिला:

खिडक्या : रुग्णालयात गज, शहरात काळा कागद. उजेड दोन्हीकडे येत नाही.
दिवे : दोन्हीकडे आठला बंद.
बाहेर पडणे : दोन्हीकडे परवान्याशिवाय मनाई.
पत्रे : दोन्हीकडे फोडून वाचली जातात. (शहरात जास्त मन लावून.)
जेवण : रुग्णालयात ताट अर्धं, शहरात रांग दुप्पट. सरासरी समसमान.
‘का?’ असे विचारल्यास मिळणारे उत्तर : दोन्हीकडे ‘वरून हुकूम आहे.’

सबब, एक वीटही न हलवता बरोबरी साध्य झाली, असं म्हणून समितीने डॉक्टरांचं अभिनंदन केलं. प्रशस्तिपत्रकावर सही व्हायची, तेवढ्यात समितीतल्या सर्वांत तरुण सभासदाला एक खोट सापडली. डॉक्टर रोज सकाळी खाटेखाटेपाशी जातात, ‘झोप लागली का?’ असं विचारतात आणि (इथे सभासदाने पेन्सिलीने खूण केली होती) उत्तर येईपर्यंत थांबतात. दर खाटेला दीड मिनिट. सर्वसामान्य नागरिकाला ही सोय नाही. ही उघड उघड असमानता होती. फेरी पंधरा दिवसांत बंद करावी, असा आदेश निघाला.

डॉक्टर स्वभावाने गरीब. सरकारी कागदावर ते कधी आवाज चढवत नसत. पण रुग्णालयातलं हे एकच औषध असं होतं, जे एकोणीस वर्षांत कधी संपलं नव्हतं. दोनशे बारा माणसं सकाळी त्या प्रश्नासाठी डोळे उघडत, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. त्याच तिरीमिरीत त्यांनी अत्यंत विनयशील पत्र लिहिलं: बरोबरी दुसऱ्या बाजूनेही आणता येईल. नागरिकांनाही हीच सोय पुरवण्याची पंधरा दिवस परवानगी असावी. जादा मनुष्यबळ लागणार नाही.

शेवटचं वाक्य वाचून खात्याने लगेच मंजुरी दिली. बाकीचं पत्र वाचायला मनुष्यबळ नव्हतं.

परिचारिका निम्म्या आघाडीवर गेलेल्या. म्हणून डॉक्टरांनी तीस रुग्ण निवडले. शिकवण एवढीच: विचारायचं, मग गप्प उभं राहायचं. (परिचारिकांना हे शिकायला तीन वर्षं लागतात. रुग्णांना अर्धा तास पुरला.) प्रत्येकाच्या हाती वही, वहीत तीन रकाने: ‘लागली’, ‘नाही लागली’, ‘दार लावून घेतले’.

पहिल्या आठवड्यात शहरातल्या एक्क्याण्णव टक्के लोकांना छान झोप लागली. त्या आठवड्यात भोंगा रोज रात्री तीनदा वाजत होता. छप्पर उडालेल्या एका घरातल्या बाईंनी तर झोप हवेशीर होती, असं सांगितलं. त्याच रात्रींबद्दल रुग्णालयातल्या दोनशे बारापैकी दोनशे नऊ जण म्हणाले, ‘नाही लागली, कशी लागेल?’ (उरलेल्यांपैकी दोघं ठार बहिरे आणि एक निवृत्त अधिकारी.)

आपल्या अवतीभवती काय चाललं आहे याचं भान नसलेल्याला देखरेखीखाली ठेवावं, असा नियम आहे. डॉक्टरांनी तो अहवालाच्या तळाशी नम्रपणे उतरवला. खात्याने तळ कापून एक्क्याण्णवचा आकडा चौकाचौकात लावला.

चौदाव्या दिवशी त्या तीस रुग्णांतले पोस्टमनमामा समितीच्या अध्यक्षांच्या दारात पोचले. मामा एकेकाळी खरोखरच पोस्टमन होते. दारोदार जायचं म्हणताच सगळ्यांत आधी चपला त्यांनीच घातल्या होत्या.

“साहेब, झोप लागली का?”

“छान लागली,” अध्यक्ष म्हणाले.

मामांनी वहीत लिहिलं नाही. शिकवल्याप्रमाणे ते उभे राहिले. अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं, बंडी सारखी केली, दाराची कडी चाचपली. दीड मिनिट झालं.

“नाही हो,” अध्यक्ष म्हणाले. “दीड महिना झाला. मुलाचं पत्र नाही. डोळ्याला डोळा लागत नाही.”

एवढं बोलून ते पायरीवर बसले आणि रडले. मामाही शेजारी बसले.

“आज माझ्याकडे पत्र नाही साहेब,” मामा म्हणाले. “पण उद्या विचारायला येतो.”

दुसऱ्या दिवशी आदेश आला: बरोबरीचे काम प्रगतिपथावर असल्याने फेरी पुढील हुकमापर्यंत चालू ठेवावी. मार्गात अध्यक्षांचे घर पहिले घ्यावे. रुग्णालयातली फेरी वाचली. डॉक्टर त्या सकाळी प्रत्येक खाटेपाशी दोन-दोन मिनिटं थांबले.

महिनाअखेर माणसं दारात उभी राहून वहीवाल्याची वाट पाहू लागली, आणि ‘लागली’चा आकडा बारा टक्क्यांवर आला. शहराचं मनोधैर्य खालावल्याबद्दल डॉक्टरांकडे खुलासा मागवण्यात आला आहे. आपण लोकांना बिघडवलं नाही, फक्त विचारलं, असा त्यांचा खुलासा विचाराधीन आहे.

राहिले बारा टक्के. त्यांचा शोध चालू आहे, आणि ते एकाच शहरात राहत नाहीत, असं आढळलं आहे. ते सकाळी चहाबरोबर कुठल्याशा युद्धाची बातमी वाचतात, पान उलटतात आणि रात्री गाढ झोपतात. अधूनमधून अशी एखादी गोष्ट वाचून हसतातही. त्यांच्यासाठी रुग्णालयाने खिडकीजवळची एक खाट राखून ठेवली आहे. यायच्या आधी फक्त कळवा, म्हणजे चादर बदलून ठेवता येईल.