दिशादर्शकास जागा देणेबाबत

आमच्या घरात एका लहान लाल स्पोर्ट्स कारचे आगमन झाले, तेव्हा तिच्यात दिशादर्शक यंत्र नाही, ही गंभीर बाब प्रथम माझ्याच निदर्शनास आली. मी शहाद्याच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवतो. आमच्या ब्राह्मणपुरीहून तिथे जाणारा रस्ता मला डोळे मिटूनही सापडतो. पण रस्ता माहीत असणे वेगळे आणि तो उपग्रहाकडून प्रमाणित होणे वेगळे.

"फोनमा नकाशा शे ना?" माझी पत्नी शीला म्हणाली.

"फोन काय, सगळ्यांकडेच असतो," मी म्हणालो आणि सुरतेहून यंत्र मागवले.

गाडी दोन माणसांची. आत बसताना आधी मान, मग पोट आणि शेवटी स्वाभिमान दुमडावा लागतो. यंत्र मात्र दुमडत नव्हते. प्रथम ते रबरी चकतीने समोरच्या काचेला चिकटवले. आमच्याकडच्या उन्हात चकतीने धीर सोडला आणि यंत्र थेट गिअरवर आदळले. प्रकाशा गावाजवळच्या पुलावर गाडी न्यूट्रलमध्ये गेली. मागच्या ट्रॅक्टरवाल्याने माझ्या मातापित्यांची आस्थेने चौकशी केली.

मग यंत्र डॅशबोर्डवर आले. त्यामुळे वेगाचा काटा झाकला गेला. वेग दिसेना, तेव्हा तो भरपूर असावा असे मला वाटू लागले. एका सायकलवाल्याने मागे टाकेपर्यंत हा समज टिकला.

शेवटी मी नंदुरबारला जहीरभाईंकडे गेलो. ते गाड्यांना सीटकव्हर आणि हॉर्न बसवून देतात. त्यांनी यंत्र एसीच्या जाळीवर बसवले. सगळी गार हवा यंत्राला मिळू लागली.

"जहीरभाई, मला हवाच लागत नाही."

"साब, मशीन गरम हुई तो रास्ता भूल जाएगी. आप गरम हुए तो क्या बिगडता है?"

युक्तिवाद बिनतोड होता. तरी मी घाम पुसत राहिलो, म्हणून त्यांनी गाडीला एक फेरी मारली आणि डाव्या सीटवर हात ठेवला.

"इसपे कौन बैठता है?"

"माझी पत्नी."

"रोज?"

"नाही."

"मशीन रोज बैठेगी."

सीट निघाली. तिथे लाकडी पाट ठोकला, पाटावर लोखंडी स्टँड आणि स्टँडवर यंत्र विराजमान झाले.

पुढच्याच रविवारी तळोद्याला शीलाचा भाऊ भूपेश याच्या मुलीचा, रूपाचा साखरपुडा होता. नवऱ्या मुलाची अंगठी आत्याकडून, म्हणजे शीलाकडून होती. ती पैठणी नेसून बाहेर आली आणि कुठे बसायचे म्हणून पाटाकडे बघत उभी राहिली.

"मी कथा बसू?"

"तू एसटीने ये. अंगठी माझ्याकडे दे, बसमध्ये गर्दी असते."

तिने डबी दिली. "येळवर या, बस," एवढेच म्हणाली.

शहादा सोडल्यावर समोर 'तळोदा' असा ठसठशीत फलक होता. "डावीकडे वळा," यंत्र म्हणाले. फलक काय, कोणीही लावतो. उपग्रह कोणीही लावत नाही. मी वळलो. डांबर संपले, मग खडी संपली, मग कालव्याचा बांध लागला. दोन्ही बाजूंना ऊस. गाडीचे पोट मातीला घासत होते. "सरळ पुढे जा," यंत्र म्हणत होते.

वळणावर समोरून एक मोठी पांढरी गाडी आली. तिच्यात गुलाबी फेटा बांधून नवऱ्या मुलाचे वडील छगनराव बसले होते. तेही तळोद्यालाच निघाले होते.

"पाहुणा, गाडी मागे ल्या!" ते ओरडले.

"माझे यंत्र सरळ सांगते आहे."

"मन्हं बी सरळच सांगी ऱ्हायनं!"

आम्ही खाली उतरून एकमेकांची यंत्रे तपासली. माझ्या पाटाकडे त्यांनी आदराने पाहिले. त्यांच्या पत्नी जसोदाबाई यंत्राशी वाद घालत होत्या, म्हणून त्यांना बसस्थानकावर उतरवले होते. मुलगा मोटारसायकलने पुढे गेला होता.

तेवढ्यात शीलाचा फोन आला.

"कथा शेतस?"

"कालव्यावर. व्याही सोबत आहेत."

"मुहूर्त टळी ऱ्हायना व्हता. मन्ही अंगठी काढीसन पोऱ्यानी करंगळीमा घाली दिधी."

"ती तुझ्या आईची?"

"हां." ती म्हणाली, "आते कोणले तरी रस्ता विचारा."

खिशातली डबी मला एकाएकी जड वाटली.

मोटारसायकलवरून एक गृहस्थ येत होते. त्यांना थांबवून विचारले. "तळोदा? मी तळोद्याचाच," ते म्हणाले. "मागे फिरा आणि डांबरी रस्ता धरा." मग त्यांना काय वाटले कोण जाणे, त्यांनी खिशातून फोन काढला. बराच वेळ बघितला. "नाही हो," ते खजील होऊन म्हणाले, "हे तर सरळ सांगतंय." आणि मोटारसायकल स्टँडवर लावून तेही आमच्याशेजारी उभे राहिले.

मांडव उतरवत होते, तेव्हा आम्ही पोहोचलो. शीलाने डबीला हात लावला नाही. ती एसटीनेच परत गेली.

या प्रकरणी मला हसणाऱ्यांची संख्या मोठी आहे. आता लग्नाच्या पत्रिका वाटल्या आहेत. पत्ता मी स्वतः सविस्तर लिहिला: तळोदा, बसस्थानकासमोरची गल्ली, भूपेश पाटलांचे घर, कोणीही सांगेल. हसणाऱ्या प्रत्येकाचे उत्तर आले आहे आणि ते अक्षरशः एकच आहे: "लोकेशन टाका."

तुमचेही आले आहे. टाकतो.